लेन्सची मधली पायरी

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. त्याच्या महिनाभर आधीपासून कोल्हापूरच्या आमच्या स्टुडिओत कागल, गारगोटी, मलकापूरकडची मुलं येऊ लागतात. प्रश्न बहुतेकांचा एकच. ‘ताई, कुठला मिररलेस घेऊ?’ मोबाइलवर दोन-तीन कॅमेऱ्यांची तुलना उघडलेली असते. मेगापिक्सेल किती, सेकंदाला किती फ्रेम, फोर-के व्हिडिओ कसा. लेन्सची ओळ सगळ्यात खाली, आणि तिथे फक्त आकडा: या कंपनीच्या इतक्या लेन्स, त्या कंपनीच्या तितक्या.

हा आकडा बघून कुणी दोन-तीन लाखांचा निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. भल्यामोठ्या यादीतल्या निम्म्या लेन्स तुम्हाला कधीच परवडणार नसतील आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा कधीच लागणार नसतील, तर ती यादी कितीही लांब असो, तुम्हाला तिचा उपयोग काय? तुमच्या कामाची लेन्स तुमच्या खिशाला झेपेल अशा किमतीत त्या माउंटला मिळते का, हे बघायचं असतं. आणि त्या माउंटसाठी लेन्स बनवायची मोकळीक कॅमेरा कंपनीशिवाय आणखी कुणाला आहे का, हेही विचारायचं असतं. दुकानात हा दुसरा प्रश्न कुणी काढत नाही. पहिल्याचं उत्तर मात्र त्या दुसऱ्यावरच ठरतं.

माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरचं ते धातूचं कडं, ज्यात लेन्स फिरवून बसवतात. बाहेरून एवढंच दिसतं. आत लेन्स आणि बॉडी यांच्यात विजेच्या बारीक संपर्कबिंदूंमधून सतत निरोपांची देवाणघेवाण चाललेली असते: फोकस कुठे न्यायचा, अ‍ॅपर्चर किती उघडायचं, हात हलतोय तर चित्र कसं सावरायचं. हे निरोप कसे द्यायचे हे कॅमेरा कंपनी ठरवते आणि ते इतरांना सांगायचं की नाही, हेही तीच ठरवते. आम्ही धंद्यातली माणसं बॉडी पाच-सहा वर्षांत बदलतो. लेन्स तशी बदलत नाही. वडिलांनी घेतलेली निकॉनची ५० एमएमची मॅन्युअल लेन्स अजून माझ्याकडे आहे आणि बारशाच्या कार्यक्रमांना मी ती आजही वापरते. लेन्स जमत गेल्या की माणूस त्या माउंटला बांधला जातो. कॅमेरा घेणारा मुलगा आपण एक वस्तू घेतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो पुढच्या पंधरा वर्षांची खरेदी कुठून करायची ते ठरवून टाकत असतो.

आमच्या कामात लेन्सच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर कॅमेऱ्याच्या खोक्यातून येणारी किट लेन्स. झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या आसपास येऊन अडतं. सगळ्यात वरच्या पायरीवर कंपनीची स्वतःची २४-७० एफ २.८, जिची किंमत पुष्कळदा बॉडीपेक्षा जास्त. दोघींत फरक प्रकाशाचा. एफ २.८ वर एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तेव्हा कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात किट लेन्सवर सेकंदाचा पन्नासावा भाग मिळत असेल, तर एफ २.८ वर दोनशेवा भाग मिळतो. पन्नासाव्या भागात हात आणि अक्षता दोन्ही ओघळलेल्या दिसतात. दोनशेव्या भागात नवरीचा हात, हार आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी येतं. तो क्षण पुन्हा घेता येत नाही. घरच्यांनी पैसे त्याचेच मोजलेले असतात.

या दोन पायऱ्यांच्या मधली पायरी डीएसएलआरच्या काळात टॅमरॉन आणि सिग्मा या दोन जपानी कंपन्यांनी बांधली. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ ही लेन्स २००६ मध्ये आली. माझ्या वयाच्या फोटोग्राफरांना विचारा, किती जणांचा पहिला हंगाम तिच्यावर गेला ते. वडील गेले आणि स्टुडिओ माझ्याकडे आला, तेव्हा माझाही पहिला हंगाम तिच्यावरच गेला. कडेला थोडी मऊ, फोकसला थोडी आवाज करणारी, पण एफ २.८ म्हणजे एफ २.८. एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या किंवा डॉक्टरच्या मुलाला वरची पायरी एकदम चढता येते. सलूनवाल्याच्या किंवा ऊसतोड मुकादमाच्या मुलाला मधलीच लागते. म्हणून मला ती पायरी इतकी महत्त्वाची वाटते.

मिररलेसच्या जगात ती कुणाकडे कधी आली, हे तारखा लावून बघण्यासारखं आहे. सोनीनं ई-माउंट २०१० मध्ये आणला आणि २०११ मध्ये त्याची मूलभूत तांत्रिक माहिती इतर लेन्स कंपन्यांना विनाशुल्क द्यायचं जाहीर केलं. तेव्हा त्या निर्णयाकडे आमच्यातल्या फारसं कुणी लक्ष दिलं नाही. फळ दिसलं २०१८ मध्ये. त्या वर्षी सोनीचा ए७ थ्री आला आणि त्याच वर्षी टॅमरॉननं ई-माउंटसाठी २८-७५ एफ २.८ आणली. वजन ५५० ग्रॅम, किंमत सोनीच्या स्वतःच्या जी-मास्टर लेन्सच्या निम्म्याहून कमी. सोनी ही टॅमरॉनची भागधारक आहे हे खरं, पण सिग्मा तिची कुणी लागत नाही आणि सिग्माची २४-७० एफ २.८ आर्टसुद्धा २०१९ मध्ये त्याच माउंटला मिळू लागली. आमच्या भागातले लग्नाचे फोटोग्राफर एकामागून एक सोनीकडे गेले. कारण विचारलं की बहुतेक जण ऑटोफोकस सांगतात. मी त्यांच्या बॅगा बघितल्या आहेत. बॅगेत लेन्स टॅमरॉनची आणि सिग्माची असते.

आता कॅनन बघा. आरएफ माउंट सप्टेंबर २०१८ मध्ये आला. सोबत चार लेन्स आल्या, त्यांतली २८-७० एफ २ ही तर अचाट गोष्ट होती. एवढ्या पल्ल्याच्या झूममध्ये एफ २ फुल-फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना, त्याआधी कुणी दिलं नव्हतं. वजन १,४३० ग्रॅम आणि किंमत अशी की आमच्या तालुक्यात ती घ्यायचा विचारही कुणी केला नसेल. २०१९ मध्ये २४-७० एफ २.८ आली, तीही वरच्याच पायरीची. मधल्या पायरीची २८-७० एफ २.८, ४९५ ग्रॅमची, सुटसुटीत आणि खरंच चांगली लेन्स, कॅननला आणायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षांत आमच्याकडच्या मुलांची लग्नं होतात, पोरं शाळेत जातात. तेवढा काळ आरएफ घेतलेल्या फोटोग्राफरनं एकतर कर्ज काढून वरची लेन्स घ्यायची, नाहीतर एफ ४ वर भागवायचं, नाहीतर अडॅप्टर लावून जुनी लेन्स चालवायची.

आणि दुसऱ्या कुणी ती पायरी बांधायची, तर तेही होऊ दिलं नाही. २०२२ मध्ये चीनच्या व्हिल्ट्रॉक्स कंपनीनं आरएफ माउंटच्या आपल्या ऑटोफोकस लेन्स मागे घेतल्या. या लेन्समुळे आपल्या पेटंट आणि डिझाइन हक्कांचा भंग होतो म्हणून विक्री थांबवायला सांगितलं, असं कॅननच्या जर्मनीतल्या शाखेनं तेव्हा उघडपणे मान्य केलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना आरएफसाठी परवाना मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला आनंद झाला. सिग्माची १८-५० एफ २.८ त्यातून आली आणि आर५०, आर१० वापरणाऱ्या मुलांना मी तीच घ्यायला सांगते. पण त्या घोषणेतल्या सगळ्या लेन्स लहान, एपीएस-सी सेन्सरच्या होत्या. लग्नाचा धंदा ज्या फुल-फ्रेमवर चालतो, त्याला तिथे जागा नव्हती.

कॅननची बाजू मला समजते आणि ती हलकी नाही. माउंट घडवायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो. ५४ मिलिमीटर रुंद तोंड आणि सेन्सरपासून फक्त २० मिलिमीटर अंतर, यामुळेच ती २८-७० एफ २ शक्य झाली. पूर्वी बाहेरच्या कंपन्या निरोपांची ही पद्धत अंदाजानं उलगडून लेन्स बनवत, आणि नवी बॉडी आली की कधीकधी लेन्स गप्प बसे. तसं झालं की गिऱ्हाईक शिव्या कॅमेरा कंपनीलाच देतं. हे सगळं मान्य. यावर उपाय म्हणजे परवाना देणं, शुल्क घेणं, नियम घालणं. लहान सेन्सरच्या लेन्सना परवाना देऊन कॅनननं स्वतःच दाखवून दिलं की हे करता येतं. मग फुल-फ्रेमला तोच परवाना देण्यात तांत्रिक अडचण ती कोणती? दर्जाची भीती घालायचीही गरज नाही. सिग्मा आपल्या लेन्स जपानमध्ये आइझुच्या कारखान्यात बनवते आणि तिच्या आर्ट मालिकेच्या लेन्स जगभरचे व्यावसायिक वापरतात. मोठ्या कारखान्याबाहेर चांगलं यंत्र बनू शकत नाही हे कोल्हापूरकराला तर सांगूच नये. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा याच गावात स्वतः घडवला होता.

सोनी उघडी आहे म्हणून तिची आरती ओवाळायचं कारण नाही. तिच्याही कुंपणाच्या काठ्या आहेत. ए१ हा कॅमेरा सोनीच्या लेन्सवर सेकंदाला ३० फ्रेम काढतो, बाहेरच्या कंपनीच्या लेन्सवर १५. टॅमरॉन किंवा सिग्माच्या लेन्सला ई-माउंटवर पल्ला वाढवणारा टेलिकन्व्हर्टर लावता येत नाही. सिग्माची १५०-६०० ही लेन्स एल-माउंटवर टेलिकन्व्हर्टर घेते, तीच लेन्स सोनीवर घेत नाही. काच तीच, कारखाना तोच. लग्नाच्या कामाला सेकंदाला १५ फ्रेम पुष्कळ होतात, त्यामुळे आमचं अडत नाही. घारीच्या झेपेमागे लागलेल्याचं अडतं, आणि त्याला हे लेन्स घेताना दुकानात कुणी सांगत नाही.

निकॉनची गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, कारण आमच्या घरात निकॉनच होता. १९५९ च्या एफ-माउंटवर वडिलांची सगळी हयात गेली. २०१८ मध्ये झेड माउंट आला आणि सोबत जुन्या लेन्स बसवायला एफटीझेड नावाचा अडॅप्टर. पण त्या अडॅप्टरमध्ये जुन्या लेन्सचा फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर नाही. म्हणजे ५० एफ १.८ डी, ८५ एफ १.८ डी, ८०-२०० एफ २.८ डी या ज्या लेन्सवर महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीनं लग्नं काढली, त्यांचा ऑटोफोकस झेडवर चालत नाही. हातानं फोकस करा. वरातीत नाचणाऱ्या माणसांवर हातानं फोकस करून बघा, मग कळेल. या बाबतीत कॅनन फार उजवी. तिनं १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हापासूनच मोटर लेन्समध्ये ठेवली, त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ईएफ लेन्ससुद्धा अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर आपला फोकस आपण करते. ज्याच्याकडे ईएफ लेन्स आहेत, त्यानं आरएफ घेताना अजिबात घाबरू नये. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानंही जुन्या बाजारातली चांगली ईएफ ७०-२०० एफ २.८ आणि अडॅप्टर हा जोड विचारात घ्यावा. आज आरएफमधली ती सर्वांत स्वस्त मधली पायरी आहे आणि दुकानदार ती सुचवत नाही, कारण त्यात त्याची नवी लेन्स खपत नाही.

निकॉननं पुढे वाट बदलली. २०२१ च्या शेवटी झेडसाठी २८-७५ एफ २.८ आली. तिच्यात १२ गटांत १५ काचा आहेत आणि टॅमरॉनच्या पहिल्या २८-७५ मध्येही १२ गटांत १५ काचाच होत्या. जाणकारांनी लगेच ओळखलं. २०२२ मध्ये टॅमरॉननं निकॉनच्या परवान्यानं स्वतःच्या नावाची ७०-३०० झेडला आणली, २०२३ मध्ये सिग्माच्या तीन एफ १.४ लेन्स आल्या. त्याच वर्षी आली टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८, जी सोनीला २०२१ पासून मिळत होती. या लेन्सबद्दल शेवटी बोलते.

इथे एक मौजेची गोष्ट सांगते, कारण माउंटचं सगळं मर्म तिच्यात आहे. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक प्रणालीत ठरलेलं असतं. सोनी ई मध्ये ते १८ मिलिमीटर, निकॉन झेडमध्ये १६. म्हणजे सोनीची लेन्स निकॉनवर बसवायची तर मध्ये दोन मिलिमीटर जागा उरते. काही कंपन्यांनी त्या दोन मिलिमीटरांत संपर्कबिंदू आणि सर्किट बसवलेली चकती बनवली. ती लावली की सोनी ई-माउंटच्या लेन्स निकॉनवर ऑटोफोकससह चालतात. आता उलटं बघा. कॅनननं २०१२ मध्ये ईएफ-एम नावाचा मिररलेस माउंट आणला होता. त्याचं अंतर १८ मिलिमीटर. आरएफचं २०. म्हणजे ईएफ-एमची लेन्स आरएफवर बसवायची तर अडॅप्टरची जाडी वजा दोन मिलिमीटर हवी, आणि अशी वस्तू जगात बनत नाही. त्याच ईएफ-एमचा २०१८ चा एम५० घेऊन यूट्यूबवर गावाकडच्या पाककृती आणि कुस्तीच्या फडांचे व्हिडिओ टाकणारी मुलं माझ्या ओळखीची आहेत. त्यांनी २२ एफ २, ३२ एफ १.४ अशा छान लेन्स जमवल्या. मग कंपनीनं ती प्रणालीच बंद केली आणि त्या लेन्स त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्याला लागेनात. निकॉननं २०११ मध्ये आणलेली ‘निकॉन १’ ही प्रणाली २०१८ मध्ये संपली, सॅमसंगची एनएक्स त्याआधीच गेली. लेन्सची यादी लांब आहे की आखूड, यापेक्षा ती यादी दहा वर्षांनी चालू असेल का, ही चिंता मोठी.

लग्नाव्यतिरिक्त माझा वेळ जातो तो पक्ष्यांत आणि आंबोलीच्या बेडकांत, आणि तिथे हिशेब वेगळा होतो. कॅननला नावं ठेवली, तर एका गोष्टीसाठी तिचे उपकारही मानले पाहिजेत. २०२० मध्ये तिनं ६०० एमएम एफ ११ आणि ८०० एमएम एफ ११ अशा दोन लेन्स काढल्या. ६०० ची लेन्स ९३० ग्रॅमची, घडी घालून बॅगेत मावणारी. डीएसएलआरमध्ये एफ ११ वर ऑटोफोकस झालाच नसता. बहुतेक कॅमेरे एफ ५.६ पर्यंत आणि काही एफ ८ पर्यंत चालत. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो म्हणून हे जमलं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर, हिवाळ्यात सकाळी नऊनंतर, रोहित पक्षी उन्हात असताना ही लेन्स सुरेख काम देते. शाळेतल्या शिक्षकाला, निवृत्त बँक कर्मचाऱ्याला पक्षी जवळून बघायची ही संधी आधी कुणी दिली नव्हती. पण राधानगरीच्या झाडीत ती घेऊन जाऊ नका. एफ ११ च्या तुलनेत एफ ६.३ वर सुमारे तिप्पट प्रकाश मिळतो. जिथे एफ ६.३ ला आयएसओ ३२०० वर भागतं, तिथे एफ ११ ला जवळजवळ १०,००० लागतो आणि पिसांचा बारकावा दाणेदार होऊन जातो.

त्या प्रकाशासाठी मधली पायरी सोनीनं २०१९ मध्ये २००-६०० नं बांधली आणि निकॉननं २०२३ मध्ये १८०-६०० नं. दोन्ही दोन किलोंच्या आसपास, दोन्हींत झूम आतल्या आत होतं, त्यामुळे लेन्स लांबत नाही. दोन्ही उत्तम. माझा कल निकॉनकडे आहे, कारण तिचं कडं पाव वळणाहून कमी फिरवलं की १८० वरून ६०० वर जाता येतं आणि उडता पक्षी हातचा जात नाही. कॅननची १००-५०० एल अतिशय धारदार आणि हलकी, पण किमतीत या दोघींच्या पुष्कळ वर. २०२३ च्या २००-८०० नं ती उणीव बरीच भरून काढली. लांब टोकाला एफ ९ आहे, तरी पाणथळीच्या मोकळ्या उजेडात ती मी आनंदानं वापरेन.

आंबोलीला पावसाळ्यात रात्री फिरताना मात्र या सगळ्या मोठ्या लेन्सपेक्षा एक लहान प्रणाली भारी पडते. मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मिळून आणला. सेन्सर लहान म्हणून लेन्स लहान. ६० एमएमची मॅक्रो लेन्स १८५ ग्रॅमची आहे. २०२३ मध्ये आलेली ९० एमएम मॅक्रो पाण्याच्या शिंतोड्यांना आयपी ५३ दर्जानं तोंड देते. डोक्याला टॉर्च, एका हातात छत्री, समोर पानावर मलबार ग्लायडिंग फ्रॉग आणि वरून आंबोलीचा पाऊस अशा वेळी हे दोन गुण मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठे ठरतात. बेडकाच्या डोळ्यापासून पायाच्या पडद्यापर्यंत सगळं फोकसमध्ये आणायचं असतं, आणि लहान सेन्सरवर ते सोपं जातं. ऑलिंपसनं कॅमेऱ्याचा धंदा २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे सोपवला तेव्हा ही प्रणाली संपली असं सगळे म्हणत होते. ती संपली नाही, नव्या लेन्स येत राहिल्या. एकाच माउंटवर दोन कंपन्या पहिल्यापासून उभ्या होत्या, त्याचा हा फायदा, असं माझं मत आहे.

फुजीचा एक्स-माउंट २०१२ चा. तिच्या लेन्सवरचं अ‍ॅपर्चरचं कडं हाताला लागलं की जुन्या कॅमेऱ्यांवर शिकलेल्या माणसाला बरं वाटतं. सुरुवातीला बंद असलेला हा माउंट आता सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स यांना खुला आहे. प्री-वेडिंग आणि पोर्ट्रेटसाठी मी तो निःशंकपणे सुचवते. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांची एल-माउंट आघाडी २०१८ ची. तत्त्वानं ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे लेन्स कंपनी घरातलीच आहे. आमच्या भागात मात्र ती भाड्यानं मिळत नाही, आणि ऐन मुहूर्ताच्या आदल्या रात्री लेन्स पडली तर दुसरी कुणाकडे मागायची? लग्नाच्या फोटोग्राफरला शेजाऱ्याच्या बॅगेतलाही माउंट बघावा लागतो. तुमच्या गावात दहा जण सोनी वापरत असतील, तर ती दहा जणांची लेन्स अडचणीला तुमचीच असते.

या सगळ्यावर कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. कॅमेऱ्याच्या खोक्यावर वजन आणि मेगापिक्सेल छापता, तसं हेही छापा की या माउंटसाठी ऑटोफोकस लेन्स बनवायचा परवाना कुणाकुणाला आहे, फुल-फ्रेमला आहे की फक्त लहान सेन्सरला, आणि बाहेरच्या लेन्सवर वेग कमी होतो का. प्रणाली बंद करायची झाली तर सुटे भाग आणि दुरुस्ती किती वर्षं मिळेल, हेही आधी लिहून द्या. तालुक्यातालुक्यांतल्या फोटोग्राफर संघटना दरवर्षी मेळावे भरवतात आणि तिथे कंपन्यांचे लोक नवा कॅमेरा घेऊन येतात. आपण त्यांना फ्रेम आणि आयएसओ विचारतो. यंदा माउंटचं विचारू. दहा मेळाव्यांत हाच प्रश्न आला, तर तो वरपर्यंत जाईल.

कॅननकडे मात्र एक नेमकं मागणं आहे. टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८ ही लेन्स आरएफ माउंटला येऊ द्या. वजन १,१६५ ग्रॅम, जड आहे, पण लग्नाचं सत्तर टक्के काम ती एकटी करते. ३५ वर सगळं व्यासपीठ येतं, १५० वर अंतरपाटापलीकडचा नवऱ्या मुलाचा चेहरा येतो, आणि दोन बॉड्या गळ्यात घालून फिरणाऱ्या फोटोग्राफरची एक बॉडी कमी होते. सोनीवाल्यांकडे ती २०२१ पासून आहे, निकॉनवाल्यांकडे २०२३ पासून. कॅननकडे तिच्या जोडीची स्वतःची लेन्स नाही. त्यामुळे तिला परवाना दिल्यानं कॅननची कुठली विक्री बुडणार नाही, उलट ज्या मुलांनी माझ्या सांगण्यावरून जुन्या ईएफ लेन्स सांभाळून आरएफ बॉडी घेतल्या, ती त्याच माउंटवर टिकतील. पुढच्या हंगामाच्या आधी हे झालं, तर कागलचा जो मुलगा परवा आर६ मार्क टू की ए७ फोर असं विचारून गेला, त्याला मी कॅननच घे म्हणेन. आज त्याला मी ए७ फोर आणि टॅमरॉनची २८-७५ जी २ लिहून दिली आहे.